रास्क, रांगेत या!

डोकं जपा, दाराची चौकट बुटकी आहे. आलात आत? ही एका खोलीची लाकडी झोपडी आता तुमची. जमिनीवर जुनिपरच्या चिरलेल्या डहाळ्या पसरल्यात, त्यांचा हिरवा वास छान येतोय. पण धूर, ओली लोकर आणि खारवलेला हेरिंग मासा यांचा वास काही त्यानं झाकला जात नाही. तुम्ही दक्षिण स्वीडनच्या स्मोलंड प्रांतात आहात, 18व्या शतकाच्या मध्यावर, आणि तुम्ही राजाचे सैनिक आहात. बराक शोधू नका, ती नाहीच. ही झोपडी, ती हाडकुळी गाय आणि मागचा धोंड्यांनी भरलेला शेताचा तुकडा, इथेच तुमची नोकरी.

तुम्हाला पोसतात ते शेजारचे शेतकरी. अकराव्या कार्ल राजानं 1682 पासून प्रांताप्रांताशी करार केले. काही शेतं मिळून एक गट, त्याला म्हणायचं ‘रोते’. प्रत्येक रोतेनं एक सैनिक द्यायचा, त्याला घर, जमीन, कपडे आणि थोडा पगार द्यायचा, मग त्या घरांवर सक्तीची भरती नाही. अशा 150 जणांची एक कंपनी, 8 कंपन्यांची एक रेजिमेंट. कागदावर 1,200 माणसं. एरवी ती सगळी कुठे असतात? चिखलात, दगड वेचत.

नावही नवं मिळालंय. कंपनीत आंद्रेसोन इतके, की एकाला हाक मारली तर अर्धी रांग वळते. म्हणून तुम्ही आता रास्क, म्हणजे चपळ. तुमच्याआधी या झोपडीत राहणाराही रास्कच होता.

रविवारी चर्चमध्ये लांबलचक प्रवचन ऐका आणि बाहेर पडताच पटांगणात कवायतीला उभे राहा. ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यात काल शेण उचललंत, तोच आता कुंपणाला टेकून तुमची पावलं मोजतोय. मान ताठ ठेवा!

जूनमध्ये सगळी रेजिमेंट स्किलिंगारीडच्या माळावर जमते. निळा कोट पेटीतून निघालाय, एरवी तो अंगावर घालायला मनाई. लोकर जाड, ऊन चढतंय, पाठीवरून घाम ओघळतोय आणि डास मानेवर बसलेत. हलायचं नाही. हुकूम आला! कागदी काडतूस दातांनी फाडा. समोरचे दात शाबूत असावे लागतात ते याचसाठी. बंदुकीच्या दारूची खारट-कडू चव जिभेवर उतरेल, थुंकायला वेळ नाही. चिमूटभर रंजक खोबणीत, झाकण बंद, उरलेली दारू नळीत, वर गोळी, गजानं ठासा. गज बाहेर काढा, विसरलात तर तोही उडून जाईल. घोडा ओढा. धडाम! खांदा झिणझिणतो, कान बधिर होतात, गंधकाच्या धुरात शेजारचाही दिसेनासा होतो. आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून.

रात्री तंबूत पाय पसरायला जागा नाही. अंधारही धड पडत नाही, उत्तरेतला उन्हाळा तो. कुणी घोरतंय, कुणी गवत कापायचं राहिलं म्हणून कुढतंय. शिदोरीतली राय धान्याची कडक भाकरी बायकोनं बांधून दिलेली. ती चघळताना मला वाटतं, तुम्हाला घराचीच आठवण येईल. गाय, शेत, पोरं, सगळं तीच बघतेय.

आणि उद्या खरंच लढाईला जावं लागलं तर? जहाजात कोंबून समुद्रापार नेतील. गोळीआधी ताप आणि हगवणच गाठते. तुम्ही परत आला नाहीत, तर झोपडी रिकामी करावी लागते, कारण रोतेला नवा सैनिक द्यायचा असतो. तुमच्या बायकोला ठरावीक मुदतीत पोराबाळांसह बाहेर पडावं लागेल. काही विधवा येणाऱ्या नव्या सैनिकाशीच लग्न करत, तेवढ्यानं छप्पर टिकायचं. बाकीच्यांच्या वाट्याला मोलमजुरी, नाहीतर भीक. करारात शेतकऱ्याची सोय होती, राजाची होती. तिची नव्हती, आणि मला या सगळ्या व्यवस्थेतला हा सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

1901 मध्ये स्वीडननं सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा केला आणि ही पद्धत मोडीत निघाली. हजेरीची जुनी बाडं मात्र स्टॉकहोमच्या लष्करी दप्तरखान्यात आहेत. तिथे रास्कचं वय सापडतं, नोकरीची वर्षं सापडतात. बायकोबद्दल एकच शब्द असतो, ‘विवाहित’. स्वीडनच्या या सैन्याबद्दल वाचाल, तेव्हा त्या 1,200 माणसांबरोबर तिलाही मोजा.