धाकट्याला कडेवर घेऊन खेळायचं कसं?



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या आम्ही वडीगोद्रीत येऊन मुलांच्या खेळावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण गोदाकाठाला हा विषय जुनाच आहे. पैठणला सोळाव्या शतकात एकनाथमहाराजांनी फुगडी, हुतूतू, हमामा अशा खेळांवर रचना केल्या. परमार्थ सांगताना त्यांना खेळ हलका वाटला नाही. आम्हाला मात्र खेळ म्हणजे अभ्यासातून उरलेला वेळ वाटतो.

आमच्या लहानपणी पोळ्याच्या आधी पोरं चिखलाचे बैल करायची. खापरीचे तुकडे म्हणजे पैसे, चिंचोके म्हणजे धान्य. बाजार भरायचा, भांडणं व्हायची, मिटायचीही. त्या बाजारात आमची थोरली बहीण नसायची. ती धाकट्याला मांडीवर घेऊन ओट्यावरून बघत बसायची. त्यात काही वावगं आहे, असं तेव्हा आम्हाला वाटलंच नाही.

आपल्याकडं या बहिणीचा विचार कुणी केला, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या कामगार वस्तीत बालगृह सुरू केलं. तो विचार आपल्याकडं आला, पण त्याची साधनं महाग, म्हणून तो शहरातल्या सुखवस्तू घरांपुरता राहू लागला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. तिथं अनुताई त्यांना मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महाग साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे आले. म्हणजे आमच्या चिंचोक्यांना तिथं शाळेत मान मिळाला!

पुढं १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेलं. तिथं मोठी अडचण निघाली. मुली शाळेत येत नव्हत्या, कारण आईबाप मजुरीला गेले की धाकटं भावंड त्यांच्या कडेवर असायचं. आता मुलीला दोष द्यायचा की आईबापांना? त्यांनी कुणालाच दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, ती विकासवाडी. मुलीनं भावंडाला घेऊनच यायचं, त्याला पाळणाघरात ठेवायचं आणि आपण मोकळं व्हायचं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच कुरणात गेली.

पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, पण त्यामागचं मर्म आपण कितपत घेतलं? पोषण आलं, लसीकरण आलं, ते हवंच. पण मूल खेळायला मोकळं आहे का, हे आधी पाहायचं, हा त्या दोघींचा धडा होता.

आपल्या भागात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात. फडावर धाकट्याला कोण सांभाळतं? थोरलीच. आणि जी घरं गावात राहतात, तिथं मूल गप्प बसावं म्हणून आपण हातात मोबाइल देतो. एकीला खेळायला सवड नाही, दुसऱ्याला सोबती नाही.

मग करायचं काय? खेळणी विकत आणायची गरज नाही. जुनं लुगडं द्या, दोन डबे द्या, ओली माती द्या. लुगड्याचं घर होईल, डब्याची गाडी होईल. लहानमोठी भावंडं आणि शेजारची पोरं एकत्र येऊ द्या. धाकट्याला खेळात कच्चा लिंबू करून घ्यायला मोठ्याला शिकवावं लागत नाही. आपण जवळ असावं, पण दर मिनिटाला नियम सांगू नयेत. आणि मुख्य म्हणजे, रोज तासभर तरी थोरल्या लेकीच्या कडेवरचं मूल आजोबांनी, बापानं, आपल्यापैकी कुणीतरी घ्यावं.

आमची बहीण आता ऐंशीच्या घरात आहे. मागं एकदा नातवंडांची भातुकली चालली होती, तर ती हळूच त्यांच्यात जाऊन बसली. पोरांनी तिला रिकाम्या बुडकुलीतला चहा दिला. तिनं तो फुंकर घालून प्याला आणि साखर कमी झाली म्हणाली.

तेव्हा आम्ही दारात उभे होतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तिच्या मांडीवरचं मूल आम्ही घटकाभर घ्यायला हवं होतं, एवढंच मनात आलं.

आता आपले प्रश्न घेऊ.