सर्वांचे रान आणि गप्प झालेला पक्षी

गेल्या एप्रिलमध्ये एका पहाटे पाचच्या सुमारास आम्ही उत्तर जॉर्जियातल्या चॅटाहूची राष्ट्रीय वनाच्या एका फाटकापाशी पोहोचलो, तेव्हा तिथे सात गाड्या आधीच उभ्या होत्या. सोबतचे माझे शेजारी सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक. गेली चाळीसेक वर्षे ते या डोंगरांत रानटर्कीची शिकार करत आले आहेत. गाड्या मोजून ते एवढेच म्हणाले, “आज बरंच वर चढावं लागेल.” त्यांच्या खांद्याला बंदूक होती, माझ्या हातात वही.

तासभर उभा चढ चढून आम्ही एका ओकच्या बुंध्याला टेकून बसलो. उजाडू लागले तशी त्यांनी लाकडी डबी काढली, तिच्या झाकणाला खडू लावला आणि ते कडेवर हलकेच घासले. हुबेहूब मादीचा आवाज. उत्तर आले नाही. थोड्या वेळाने पलीकडच्या सोंडेवरून तसाच आवाज आला, मग खालच्या घळीतून आणखी एक. ती माणसेच होती. तीन डब्या एकमेकींना साद घालत होत्या आणि पक्षी एकही बोलत नव्हता. “पक्षी आहेत,” शेजारी कुजबुजले, “पण त्यांनी बोलणं सोडलंय.”

त्या शांततेमागचा इतिहास शोधावा, असे मला तिथेच वाटले.

टर्की मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोत माणसाळवलेली त्याची जात स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याला उतरली. 1612 मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या नवलाईच्या वस्तू आणि प्राणी आणले, त्यांत हा पक्षी होता. त्याच्या डोक्याचे सरड्यासारखे बदलणारे रंग पाहून बादशहाने त्याची नोंद आठवणींत केली आणि उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले; ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. इंग्रजांनी या पक्ष्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्कांनी ‘हिंदी’ म्हटले आणि पोर्तुगीजांनी ‘पेरू’. माझ्या शेजाऱ्यांचा पक्षी मात्र या पाळीव जातीचा नव्हे. तो पूर्व अमेरिकेच्या जंगलातला, कधीही न माणसाळलेला.

त्याच्या शिकारीची रीतही आपल्याकडच्या जुन्या शिकारीच्या उलट. आपल्याकडे हाकारा घालून सावज बंदुकीपुढे आणत. इथे शिकारी एकटा, निश्चल बसतो. वसंतात नर घोगरी आरोळी देतो आणि माद्या त्याच्याकडे जातात, हा निसर्गक्रम. शिकारी मादीचा आवाज काढून नरालाच आपल्याकडे बोलावतो. पक्ष्याची नजर इतकी तीक्ष्ण की पापणी लवली तरी खेळ संपतो. साद घालायच्या डबीचे एक पेटंट आर्कान्सातल्या हेन्री गिब्सन यांनी 1897 मध्ये घेतले होते. माझ्या शेजाऱ्यांची डबी त्याच घराण्यातली.

पण गिब्सन डबी करत होते, तेव्हा तिला उत्तर देणारा पक्षीच नाहीसा होत चालला होता. हे डोंगर चेरोकी लोकांचे. 1829 च्या सुमारास डाहलोनेगा परिसरात सोने सापडले, 1832 मध्ये जॉर्जिया राज्याने चेरोकींची जमीन सोडत काढून गोऱ्यांना वाटली आणि 1838 मध्ये लष्कराने त्यांना पश्चिमेकडे हाकलले. पुढे लाकूड कंपन्यांनी डोंगर बोडके केले. बाजारात विकण्यासाठी बारमाही शिकार चाले. नर-मादी असा भेद नव्हता. त्यात 1904 मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम दिसलेल्या बुरशीने पुढच्या काही दशकांत चेस्टनटची अब्जावधी झाडे मारली आणि रानातल्या जिवांचे मोठे अन्न गेले.

वळण आले ते 1911 मध्ये. पूर्वेकडची जंगले पश्चिमेसारखी सरकारी नव्हती. ती खासगी होती. नद्यांच्या उगमाचे रक्षण व्हावे म्हणून सरकारने ती विकत घ्यावीत, असा वीक्स कायदा 1 मार्च 1911 रोजी झाला. त्याखालच्या अगदी सुरुवातीच्या खरेदीत याच भागातली, जेनेट कुटुंबाची सुमारे 31,000 एकर जमीन होती. भाव एकरी 7 डॉलर. तोडलेले, जळलेले डोंगर कोणाला हवे होते? कायदा करणाऱ्यांच्या मनात पाणी होते, पक्षी नव्हता. पण आज ज्या ओकखाली आम्ही बसलो, तो सर्वांच्या मालकीचा आहे, तो त्या खरेदीच्या धोरणामुळे.

जमीन आली तरी पक्षी आपोआप परतला नाही. अनेक राज्यांनी टर्कीची पिल्ले पिंजऱ्यांत वाढवून रानात सोडली. त्यावर बराच पैसा आणि कित्येक वर्षे गेली. आईविना वाढलेल्या त्या पक्ष्यांना ना शत्रू ओळखता येई, ना रातथारा निवडता येई. बहुतेक मेले. धडा असा मिळाला की रानटीपणा कोंबडीखान्यात तयार होत नाही. मग उरलेले रानपक्षीच पकडून दुसरीकडे न्यायचे ठरले; पण जाळे पसरताच ते पळत. पाणपक्ष्यांसाठी काढलेले एक तंत्र इथे कामी आले. दाणे टाकायचे, जाळे बाजूला लपवायचे आणि थव्यावर ते छोट्या तोफांनी उडवायचे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात ही युक्ती टर्कीवर यशस्वी झाली.

पैसा कुठून आला, हे मला सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा 11 टक्के कर वन्यजीवांच्या कामाला बांधून दिला. अट अशी की राज्याने शिकार परवान्यांची फी दुसरीकडे वळवायची नाही. म्हणजे पक्षी परत आणण्याचा बराचसा खर्च त्याला मारू इच्छिणाऱ्यांनीच भरला. जॉर्जियात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 17,000 टर्की उरले होते. पुढे ही संख्या तीन लाखांच्या वर गेली.

मग आजची शांतता कशाची? आग्नेय अमेरिकेत गेल्या दोन दशकांत पिल्ले कमी जगताहेत. अधिवास, हवामान, भक्षक अशी कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. शिवाय खासगी जमिनी भाड्याने घेणे महाग झाले, तशी ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांची सगळी गर्दी सार्वजनिक वनात लोटली. जॉर्जिया विद्यापीठाचे मायकल चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साउथ कॅरोलायनात शिकारीची आणि बिनशिकारीची राने ध्वनिमुद्रकांनी तपासली. जिथे हंगाम सुरू झाला, तिथे नरांच्या आरोळ्या घटल्या. काही नर मारले गेले, उरलेले गप्प झाले.

2022 मध्ये जॉर्जियाने नियम बदलले. एका हंगामात तीनऐवजी दोनच नर, हंगाम उशिरा, आणि सार्वजनिक जमिनीवर खासगीपेक्षा आणखी आठवडाभर उशिरा. हेतू हा की नर मारण्याआधी माद्यांना जोडीदार मिळावा. मी शेजाऱ्यांना विचारले, “ज्याची स्वतःची जमीन नाही त्यानंच थांबायचं, हे तुम्हाला खटकत नाही?” ते म्हणाले, “खटकतं. पण हे रान माझं एकट्याचं असतं, तर मी थांबलो असतो का?”

आपण 1972 च्या कायद्याने शिकारच थांबवली, आणि आपल्या परिस्थितीत ते योग्यच होते असे मी आजही मानतो. आईला फोनवर हे सगळे सांगितले, तर तिने विचारले, “मारायचाच असेल तर वाचवायचा कशाला?” याचे नीट उत्तर मला देता आले नाही. इतके मात्र दिसले की सर्वांची जमीन केवळ सरकारी मालकीमुळे टिकत नाही. प्रत्येकाने आपला वाटा कमी घेतला, तरच ती सर्वांची राहते. इथे तो वाटा आधी तीन होता, आता दोन आहे; उद्या कदाचित एक होईल.

त्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही रिकाम्या हातांनी उतरलो. फाटकापाशी अजून चार गाड्या होत्या. शेजाऱ्यांनी डबीचे झाकण रबराने बांधले, मागे वळून डोंगराकडे पाहिले आणि म्हणाले, “तो ऐकत होता बरं का.”