हार्डटॉपचे ओरखडे : उघड्या गाडीच्या रंगाची राखण

मे महिना संपत आला की कर्जत-खालापूर पट्ट्यातील फार्महाऊसवर आणि मुंबई-पुण्यातील काही सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एक काम हमखास निघते. हिवाळाभर आणि उन्हाळाभर उघडी फिरविलेली जीप-वर्गातील गाडी पावसाळ्यासाठी झाकावयाची असते. कापडी टप असेल तर तो ताणून बसविला की काम संपते. गाडीला काढता-घालता येणारे कडक छत, म्हणजे हार्डटॉप असेल, तर मात्र चार माणसे गोळा करावी लागतात. छत बसते, पाऊस अडतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ते पुन्हा उतरविले जाते, तेव्हा गाडीच्या काठावरील रंग पांढुरका पडलेला, चरे उठलेला आणि कोपऱ्यांवर पत्र्यापर्यंत खरवडलेला आढळतो. मालक छत उचलणाऱ्या माणसांना दोष देतो. तो दोष बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी जातो. छत चढविताना चुकून धक्का लागतो हे खरे; पण मोठे नुकसान छत जागेवर बसल्यानंतरच्या चार महिन्यांत, कोणाचेही लक्ष नसताना होते.

राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेले कोंडाणे तेथील प्राचीन बौद्ध लेण्यांमुळे पर्यटकांना परिचित आहे. लेण्यांपर्यंत गाडी जात नाही, पायवाटेनेच चढावे लागते. किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाने, लोणावळ्याहून उधेवाडीकडे जाणारी खडबडीत वाट मात्र चारचाकी हौशी मंडळींची आवडती आहे. उन्हाळ्यात या भागात मुरुमाचा तांबूस धुरळा आणि खडीची भुकटी उडते, आणि पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. धूळ आणि पाणी यांची ही जोडी हार्डटॉपखालच्या रंगाला जितकी घातक आहे, तितकी दुसरी कोणतीही गोष्ट नाही.

कोणत्या गाड्यांचा हा प्रश्न

जीपचे आणि महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या गाड्यांना कापडी टप असे. मारुतीची जिप्सी १९८५मध्ये आली. तिला कापडी टपाबरोबर फायबरच्या छताचाही पर्याय होता. २०१०मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या पिढीच्या थारला कारखान्यातून कापडी टप मिळे, त्यामुळे अनेकांनी बाहेरच्या कारागिरांकडून फायबरचे हार्डटॉप करून घेतले. २०२०च्या थारला कंपनीचेच हार्डटॉप मिळू लागले, पण ते ऋतूनुसार काढ-घाल करण्यासाठी नाही; ज्यांना उघडी गाडी हवी त्यांच्यासाठी घडीचा कापडी टप वेगळा होता. खऱ्या अर्थाने सुटे होणारे छत आहे ते जीप रँग्लरचे. ही गाडी २०१६मध्ये आयात होऊन भारतात आली आणि २०२१मध्ये पुण्याजवळच्या रांजणगाव येथे तिची जुळणी सुरू झाली. तिच्या छताचे पुढचे दोन तुकडे खिट्ट्या सोडवून हाताने काढता येतात, मागचा मोठा भाग बोल्ट सोडवून उचलावा लागतो.

परदेशात हा प्रकार जुनाच. मर्सिडीजच्या १९६३च्या एसएल गाडीचे हार्डटॉप मध्यभागी किंचित खोलगट होते, म्हणून त्या गाडीला ‘पॅगोडा’ हे टोपणनाव मिळाले. जीपला कारखान्यातून प्लॅस्टिकच्या साच्यातील सुटे छत मिळू लागले ते १९७६च्या सीजे-७पासून. अगदी अलीकडे, २०२१मध्ये, फोर्डला अमेरिकेत ब्रॉन्को गाडीची हार्डटॉप सरसकट बदलून द्यावी लागली. पाणी आणि दमटपणा यांमुळे त्या छतांचा पृष्ठभागच बिघडत होता. मोठ्या कारखान्यांची ही गत होते, तर कोकणच्या उंबरठ्यावरच्या पावसात गॅरेजमध्ये घडविलेल्या फायबरच्या छताने आणि त्याखालच्या रंगाने काय सोसावे, याचा अंदाज यावा.

चरे पडतात कसे

आजच्या मोटारीवर रंगाचे थर एकावर एक असतात. तळाशी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून जाडी भरते सुमारे १०० ते १५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला वरचा क्लिअर कोट केवळ ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे सकाळी दारात पडणाऱ्या वृत्तपत्राच्या एका पानापेक्षाही पातळ. गाडीची सगळी चकाकी या एवढ्याशा थरावर अवलंबून असते.

हार्डटॉप गाडीच्या काठावर थेट टेकत नाही. मध्ये रबराची पट्टी असते. गॅरेजवाले तिला बीडिंग म्हणतात. नवी आणि स्वच्छ असताना ही पट्टी रंगाला इजा करीत नाही. पण छत उघडे असलेल्या दिवसांत काठावर बसलेली धूळ नीट न पुसता वर छत ठेवले, की ती रबर आणि रंग यांच्यामध्ये कोंडली जाते. काळ्या पाषाणाची भुकटी रंगाच्या थरापेक्षा कठीण असते. त्यात उघड्या बांधणीची गाडी खड्ड्यांतून जाताना किंचित पिळवटते आणि वरचे कडक छत तेवढे पिळवटत नाही. दोहोंमध्ये मिलिमीटरच्या अंशाइतकी सरक होते, आणि ती प्रत्येक खड्ड्याला होते. धुळीने भरलेली बीडिंग मग पॉलिश पेपरसारखे काम करते. पावसाचे पाणी आणखी बारीक माती त्या फटीत ओढून नेते. छत उचलल्यावर काठाला समांतर असा पांढुरका, मळकट पट्टा दिसतो, तो या घासण्याचा असतो. छत चढविताना पडलेला ओरखडा वेगळा ओळखू येतो. तो एकटा, खोल आणि बहुधा मागच्या कोपऱ्यावर किंवा पुढच्या काचेच्या चौकटीवर असतो.

बोल्ट किती आवळले यावरही बरेच ठरते. ढिले राहिले तर छत थरथरते आणि घासणे वाढते. ‘पाणी गळू नये’ म्हणून ताकद लावून आवळले, तर रबर चेपते, फायबरला भोकाभोवती तडे जातात आणि काठावर दाबाचे व्रण उमटतात. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार टॉर्क रेंचने आवळणे हाच मार्ग आहे. छत बसविल्यानंतर शंभर-दोनशे किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत.

छत चढविण्यापूर्वी

सर्वांत उपयोगी काम छत हवेत उचलण्याच्या आदल्या दिवशीचे आहे. गाडीचा काठ प्रथम भरपूर पाण्याने धुवावा, मग शाम्पूच्या पाण्याने. कोरडा फडका कदापि मारू नये. शहरातील सोसायट्यांत रोज पहाटे कोरड्या किंवा एकाच बादलीतील गढूळ पाण्यात बुडविलेल्या फडक्याने गाड्या पुसल्या जातात. हार्डटॉप नसलेल्या गाड्यांवर उन्हात दिसणारी बारीक चऱ्यांची जाळी त्याचीच देणगी असते. बीडिंगही उलटून, तिच्या खाचांतून बोट फिरवून स्वच्छ करावी. कडक झालेली, चिरा पडलेली किंवा चपटी झालेली पट्टी बदलणे स्वस्त पडते. काठ पुन्हा रंगविणे महाग पडते. रबर मऊ राहावे म्हणून सिलिकॉनयुक्त ग्रीस अगदी पातळ लावतात. पेट्रोलियम जेली किंवा इंजिन ऑइल लावू नये. गाड्यांच्या बीडिंगसाठी सर्रास वापरले जाणारे ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगते.

त्यानंतर काठावर संरक्षक फिल्म लावावी. डिटेलिंगची दुकाने तिला पीपीएफ म्हणतात. चांगली फिल्म टीपीयू या लवचीक प्लॅस्टिकची असते आणि साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे गाडीच्या संपूर्ण रंगाहून जाड. पूर्ण गाडीला ती लावण्याचा खर्च मोठा येतो, पण येथे लागतात त्या फक्त चार-पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या. काठाची वरची बाजू, मागचे दोन्ही कोपरे, दरवाजाच्या मागचा खांब आणि पुढच्या काचेची वरची चौकट एवढे झाकले की पुरे. कोपऱ्यावर पट्टी अखंड वळवून घ्यावी. नेमका कोपऱ्यावर सांधा आला, तर पहिल्या पावसातच तिची कड सुटते. स्वस्त पीव्हीसी फिल्म दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि काढताना चिकटा मागे ठेवते. गाडी नुकतीच डेंटिंग-पेंटिंगमधून आली असेल, तर ताजा रंग पुरता वाळल्याखेरीज फिल्म लावू नये. पेंटरला विचारावे, महिनाभर थांबणे बरे.

फिल्मऐवजी अनेक जण घरगुती उपाय करतात, आणि त्यांतले बरेचसे कोकणात उलटतात. फेल्ट किंवा साध्या स्पंजाची पट्टी पाणी धरून ठेवते. पावसाळाभर ओला बोळा काठाला बांधून ठेवल्यासारखे होते. जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या पांढऱ्या किंवा फिकट रंगावर न निघणारा काळपट डाग सोडतात. मास्किंग टेप छत चढविण्याच्या तासाभरापुरती उत्तम. उन्हात महिनाभर राहिली तर तिचा गोंद रंगावर वाळून बसतो.

उचलण्याची रीत

चार दरवाजांच्या रँग्लरचे मागचे छत पन्नास-साठ किलोच्या घरात जाते. वजनापेक्षा त्याचा आकार अवघड आहे. दोघांनी जोर लावून ते उचलता येते, पण बाजूने सरकवून ठेवण्याचा मोह होतो आणि तेथेच कोपरा खरवडतो. चार माणसे असावीत आणि आज्ञा एकानेच द्यावी. सर्वांनी पट्ट्याचे बक्कल, घड्याळे, अंगठ्या आणि किल्ल्या आधी काढून ठेवाव्यात. मागच्या वायपरची वायर आणि पाण्याची नळी सोडविली आहे ना, हे पाहिल्याशिवाय छताला हात लावू नये. अर्ध्यावर वायर ताणली गेली की छत एका बाजूला कलते. मागच्या मडगार्डवर जाड गोधड्या अंथराव्यात. छत आधी सरळ वर, वीतभर तरी, उचलावे, मग मागे न्यावे. बसविताना क्रम उलटा. काठावर टेकविल्यानंतर ते ओढून जागेवर आणू नये, पुन्हा उचलून ठेवावे. ज्यांच्या फार्महाऊसवर पक्की तुळई आहे, त्यांनी रुंद पट्टे आणि चेन पुली लावणे शहाणपणाचे. मात्र तुळई ते वजन पेलेल याची खातरी हवी, आणि टांगलेल्या छताखाली कोणी उभे राहू नये.

उतरविलेले छत भिंतीला टेकवून ठेवू नये. त्याचा सारा भार एका कडेवर येतो आणि मागच्या काचेवर ताण पडतो. ते स्वतःच्या बुडावर, जुन्या गादीवर किंवा चाकांच्या स्टँडवर ठेवावे. वरून प्लॅस्टिक गुंडाळू नये, हवा खेळती राहील असे सुती कापड टाकावे. उंदीर रबराची पट्टी कुरतडतात, हेही फार्महाऊसवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

चरा पडलाच तर

चऱ्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले नाही तर इजा क्लिअर कोटपुरती आहे आणि पॉलिशने ती बव्हंशी निघते. मात्र प्रत्येक पॉलिशने तो पातळ थर आणखी झिजतो, म्हणून दरवर्षी रबिंग करून घेणे हा उपाय नव्हे. नख अडकले पण खाली पत्रा दिसत नसेल, तर गाडीच्या रंग-क्रमांकाचा टचअप पुरतो. पत्रा उघडा पडला असेल तर पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नये. गंज खरवडून, गंजरोधक द्रव्य, प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट या क्रमाने काठ बंद करावा, आणि तो वाळल्यावरच त्यावर फिल्म चढवावी. गंजावर फिल्म चिकटविणे म्हणजे आत ओल कोंडणे. जुन्या जिप्सी आणि महिंद्र जीपांचे काठ आतून पोखरलेले सापडतात, त्यांतील कित्येकांची सुरुवात बीडिंगखालच्या अशा दुर्लक्षित चऱ्यातून झालेली असते. तेव्हा खर्च पॉलिशचा राहत नाही, पत्रा कापून नवा जोडण्याचा होतो.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा, उघडीप पाहून, बीडिंगची बाहेरची कड पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. प्रेशर पंपाचे तोंड थेट फटीवर धरू नये, माती आतच जाते. काठावरील पाणी वाहून जाण्याची भोके काडीने मोकळी करावीत.

कागदपत्रांचा एक मुद्दा उरतो. कापडी टपाच्या गाडीवर बाहेरून करून घेतलेले हार्डटॉप बसविणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या कक्षेत येणारा बदल ठरू शकतो. नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी गाडी जुळत नसेल, तर तपासणीच्या वेळी आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी प्रश्न निर्माण होतात. छत करून घेण्यापूर्वी आरटीओमध्ये चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. कारखान्यातून सुट्या छतासह आलेल्या गाडीला ही अडचण येत नाही. तिचे छत घरी गादीवर असले काय आणि गाडीवर असले काय, नोंद तीच राहते.