काजींची शाळा

कोकणातल्या आमच्या बेने इस्राएल यहुदी घरांमध्ये शिक्षक घडवण्याची गोष्ट मासळीपासून सुरू होते. आजी ती सांगायची तेव्हा तिच्या लेखी तो काही शिक्षणाचा इतिहास नव्हता. ती सांगायची बायकांच्या हुशारीची गोष्ट म्हणून, आणि बहुधा आजोबा ऐकू येतील इतक्या अंतरावर असताना.

दावीद राहाबी नावाचा एक यहुदी दर्यावरून कोकणात उतरला. अलिबागच्या आसपास फिरताना त्याच्या कानावर आलं, की इथल्या काही तेल्यांचे घाणे शनिवारी बंद असतात आणि म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणतात. त्याला शंका आली. चौकशी केली, तर या लोकांत मुलाची सुंता आठव्या दिवशी होते. पण ग्रंथ नाही, प्रार्थनेला मंदिर नाही, हिब्रूचं एक अक्षर ओळखणारा माणूस नाही. ‘शेमा इस्राएल’ हे प्रार्थनेचं वचन, एवढं तोंडपाठ. लग्नाला तेच, बारशाला तेच, मयतालाही तेच. हे आपलेच की काय, हे ताडून पाहायला राहाबीने एका घरी निरनिराळी मासळी आणून दिली आणि बायकांना म्हणाला, रांधा. बायकांनी टोपली उपडी केली, खवले आणि पर असलेली मासळी एका बाजूला काढली आणि बाकीची उचलून परत त्याच्या पुढ्यात ठेवली. ही आमच्यात चालत नाही. का चालत नाही, ते त्यांना सांगता आलं नाही. राहाबीला मात्र तोरा या धर्मग्रंथातला नियम ठाऊक होता. त्याची खात्री पटली.

आजी हे सांगताना नुसती सांगायची नाही, करून दाखवायची. अलिबागच्या बाजारात जिताडा घेताना ती शेपटीकडून डोक्याकडे अंगठा उलटा फिरवायची; खवला नखाला अडला पाहिजे. शिंगाळ्याला हात लावायची नाही, मुशीकडे बघायची नाही. कोळीण ओळखीची असायची, ती आपणहून कोलंबीवर फडकं टाकायची आणि म्हणायची, “तुमचं हाय मला ठावं.”

गोष्टीचा पुढचा भाग आजी भराभर उरकायची आणि आजोबा सावकाश सांगायचे. राहाबीने तीन घरांतली तीन पोरं निवडली: एक झिराडकर, एक राजपूरकर, एक शापूरकर. त्यांना हिब्रू शिकवलं, प्रार्थना शिकवल्या, सण कसे पाळायचे ते सांगितलं आणि मग त्यांनाच पुढे शिकवायला धाडलं. ते काजी झाले. काजी गावोगाव फिरायचे, लग्नं लावायचे, सुंतेला उभे राहायचे, तंटे मिटवायचे. काजीपण बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं. माझ्या समजुतीप्रमाणे यहुदी धर्मशिक्षणासाठी शिक्षक तयार करण्याचा कोकणातला हा पहिला वर्ग. विद्यार्थी तीन, अभ्यासक्रम गुरूच्या डोक्यात, आणि नेमणूक ताबडतोब.

हे कधी घडलं यावर घरात भांडणं व्हायची. आजोबा बेलाशक ‘हजार वर्षं झाली’ म्हणत. अभ्यासकांपैकी बरेच जण हा राहाबी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या प्रसिद्ध राहाबी व्यापारी घराण्यातला असावा असं मानतात. मला स्वतःला हे दुसरं मत पटतं. पुढच्या घटना त्याला लागून येतात. पण आजीच्या गोष्टीतली खरी गोम सनावळीत नाहीच. परीक्षा घेतली बायकांची, उत्तीर्ण झाल्या बायका, आणि नोकऱ्या मिळाल्या तीन मुलांना! हे वाक्य आजीचं. आजोबा त्यावर पेपर वर धरायचे.

राहाबीला एक गोष्ट मात्र कळली होती, जी त्याच्यानंतर आलेल्या बऱ्याच गुरूंना कळली नाही. शिकवण्याआधी त्याने यांना काय येतं ते पाहिलं. बिरड्याचा रोजा, नव्याचा सण ही नावं लावून लोक जे पाळत होते, ते यहुदी पंचांगाशी लावून बघितलं तर बरंचसं जागेवर होतं. वालाचं बिरडं खाऊन उपास सोडणारी बाई जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक पाळत होती. तिला मंदिराची कथा माहीत नव्हती इतकंच.

त्यानंतरचे शिक्षकही बरेच कोचीनहूनच आले. मुंबईत 1796 मध्ये सामुएल दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग बांधलं. ते टिपूच्या कैदेतून सुटून आले होते आणि हे सिनेगॉग म्हणजे त्या सुटकेचा नवस होता, असं आमच्याकडे सांगतात. आमची म्हातारी माणसं त्याला ‘जुनी मशीद’च म्हणत. वास्तू उभी राहिली, पण आत वाचायला कोण? दिवेकर सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, आणायला कोचीनला गेले आणि तिथेच वारले. पुढे कोचीनचेच शेलोमो सालेम शुर्राबी मुंबईत आले. पुस्तकं बांधण्याचं काम करणारा हा माणूस समाजाचा हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, आणि गुरू झाला आणि 1856 मध्ये वारेपर्यंत शिकवत राहिला. पुस्तकं बांधणाऱ्याने ती वाचूनही दाखवावीत, हे मला फार आवडतं. शिक्षकाचा पगार समाजाला परवडत नसला की शिक्षकाला असा एक जोडधंदा लागतोच. ते आजही बदललेलं नाही.

आणि मग मिशनरी. इथे आमची म्हातारी माणसं आवाज खाली आणून बोलत. 1820 च्या दशकापासून अमेरिकन मिशनच्या मराठी शाळांत कितीतरी बेने इस्राएल मास्तर नोकरीला होते. कोचीनचा मायकल सार्गन ख्रिस्ती झालेला यहुदी. त्यानेही आमच्या मुलांना शिकवलं. डॉ. जॉन विल्सन यांनी तर 1832 मध्ये खास बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू लपलेला नव्हता: जुना करार मूळ भाषेत वाचता आला की हे लोक नव्या कराराकडे वळतील. लोकांनी व्याकरण घेतलं, धडे गिरवले आणि शनिवारी मुकाट्याने सिनेगॉगात जाऊन बसले. वळले फारच थोडे. मिशनच्या शाळेतून बाहेर पडले ते मात्र फळ्यापुढे उभं राहायला शिकलेले मास्तर. एरवी हे शिक्षण त्यांना कुठे मिळालं असतं? शिक्षणाच्या बाबतीत आमचा समाज मिशनऱ्यांचा ऋणी आहे, हे आजोबा मान्य करत. जाहीरपणे नव्हे.

या साऱ्यातून एक मनुष्य उभा राहिला तो जोसेफ इझिकेल राजपूरकर. जन्म 1834 चा. आडनाव पुन्हा राजपूरकर, म्हणजे मुरूड-जंजिऱ्याजवळच्या राजपुरीचे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या शाळेत ते आधी साहाय्यक होते, पुढे अनेक वर्षं मुख्याध्यापक. मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले. पण घरोघर त्यांचं नाव राहिलं ते प्रार्थनांच्या मराठी भाषांतरांमुळे. आमच्या घरी प्रार्थनेचं जे पुस्तक होतं त्यात पानाच्या एका बाजूला हिब्रू आणि दुसऱ्या बाजूला मराठी. माझ्या लहानपणी हिब्रूच्या वर्गातले सर दिवसा रेल्वेत कारकून होते. ते मुलांना हिब्रू स्वरचिन्हं बाराखडीच्या चालीवर शिकवायचे: बेथ घेऊन बा, बे, बी, बो, बू. अर्थ विचारला की पुस्तकाच्या मराठी बाजूवर बोट ठेवायचे. सरांनाही ते पुस्तकच शिकवत होतं. आमच्यापेक्षा एक पान पुढे.

1875 मध्ये हाईम सामुएल केहीमकर यांनी मुंबईत इस्राएली शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू एका छपराखाली आली. म्हणजे हिब्रूचा मास्तर काजीच्या घरातला नसला तरी चालेल, त्याला शिकवता आलं पाहिजे, हे ठरलं. त्याच सुमाराला, 1880 च्या आसपास, बेंजामिन शिमशोन अष्टमकरांनी बेने इस्राएल कीर्तनं सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ आणि आख्यान अब्राहामाचं! ज्या बायका हिब्रूच्या वर्गात कधी बसल्या नाहीत, त्यांना योसेफाची कथा आख्यानातून पाठ झाली. आजीचं सगळं बायबल कीर्तनातून आलेलं. रात्रभर जागून आलेलं ज्ञान, म्हणून तिने कधी कुणाकडून दुरुस्त करून घेतलं नाही.

शाळेच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त कुणाबद्दल वाचावंसं वाटतं, तर रिबेका रूबेन यांच्याबद्दल. 1905 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या. मुलगी पहिली येणं तेव्हा अप्रूप होतं. पुढे इंग्लंडला जाऊन त्यांनी शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला. केंब्रिजमध्ये इस्राएल अब्राहम्स या नामवंत विद्वानाकडे त्यांनी यहुदी विद्या शिकून घेतली. परत आल्यावर 1922 मध्ये त्या इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि 1950 पर्यंत राहिल्या. इंग्रजीची ‘अशोक रीडर्स’ ही पाठ्यपुस्तकमाला त्यांचीच.

राहाबीच्या टोपलीपाशी बायका पास झाल्या आणि पोस्ट पोरांना गेली, त्या प्रकरणाचा निकाल 1922 मध्ये लागला असं मी म्हणतो. आजीच्या पिढीतल्या बायका ‘रिबेकाबाई’ हे नाव घेताना पाठ ताठ करून बसत, मग त्या शाळेत दोन यत्ता शिकलेल्या असोत की चार. आमच्यात शिकवायला रीतसर शिकलेली बाई आहे, ही गोष्ट एवढी नवी होती.

1948 नंतर हे सगळं विस्कटलं. इस्रायल झालं, लोक जाऊ लागले. ज्याचं हिब्रू पक्कं तो आधी जाणार, हे ओघानेच आलं. वर्ग चालवणारे गेले आणि वर्ग मागे उरले. तिकडे गेल्यावर आमच्या यहुदीपणाचीच पुन्हा परीक्षा निघाली आणि 1964 मध्ये तिथल्या सरकारने ‘हे पूर्ण यहुदी आहेत’ असं स्पष्ट केलं, तेव्हा ती संपली. इकडे परदेशी संस्थांचे पाहुणे शिक्षक येत, वर्षं-दोन वर्षं राहत, परत जात. त्यांनी खूप दिलं, यात शंका नाही. मात्र आपण कोऱ्या पाटीवर लिहितो आहोत, अशी काहींची समजूत असे. मलिद्याचं ताट बघून एकाने शिबिरात विचारलं होतं, की हे पोहे, गूळ, खोबरं आणि फळं कुठल्या ग्रंथात सांगितली आहेत? एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन पिढ्यान्‌पिढ्या ते ताट मांडणाऱ्या बायका शेजारीच बसल्या होत्या. विचारलं ते त्यांना नव्हे, आयोजकांना.

आता मुंबई-ठाण्यात आमच्या मुलांना शिकवणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी घरी. रविवारी सकाळी वर्ग. माझी एक मावसबहीण त्यांतली. मागे शिक्षकांसाठी एक दोन दिवसांची कार्यशाळा झाली, तिला सोबत म्हणून मी गेलो होतो. बाहेरून आलेली मार्गदर्शक तरुण मुलगी होती. पहिल्या सत्रात पडद्यावर वयोगटांचा तक्ता: पाच ते सात, आठ ते दहा, अकरा ते तेरा, प्रत्येकाला वेगळे खेळ, वेगळी पुस्तकं. मावसबहिणीने हात वर केला.

“ताई, माझ्या वर्गात पोरं सहा. धाकटं पाच वर्षांचं, मोठ्याची पुढच्या महिन्यात बार मिट्झवा. यातला कुठला रकाना माझा?”

मुलीने तक्ता बंद केला. मग खोलीतल्या प्रत्येकीला तिच्या वर्गात किती मुलं आहेत, कुठल्या वयाची, कोण काय घरून शिकून येतं, हे विचारत गेली आणि लिहून घेत गेली. पुढचं सत्र एकाच वर्गात सगळ्या वयांना कसं शिकवायचं यावर झालं: मोठ्या मुलांनी लहानांना अक्षरं द्यायची, बाईंनी मोठ्यांना अर्थ. ते इतकं लांबलं की जेवणं तीनला झाली, आणि ठाण्याच्या दोघी ‘आमची गाडी चुकली तरी चालेल’ म्हणत शेवटपर्यंत वादच घालत होत्या.