जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जुनी मोटार विकत घेऊन ती पुन्हां उभी करणें हा प्राध्यापकाच्या पेशास शोभणारा उद्योग नव्हे, असें आमच्या अनेक स्नेह्यांनीं आम्हांस परोपरीनें सांगून पाहिलें. इतिहास शिकविणाऱ्यानें फार तर जुनीं दफ्तरें झाडावीं, नाण्यांचा संग्रह करावा; पण बारा वर्षें गोठ्याशेजारीं निजलेली 'डुक्कर फियाट' घरीं आणूं नये, असा त्यांचा अभिप्राय पडला. घरांतून झालेला विरोध याहून स्पष्ट शब्दांत होता. तथापि साताऱ्याकडील एका कैलासवासी डॉक्टरांच्या वाड्यामागें उभी असलेली १९५६ सालची फियाट ११०० आम्हीं घेतली, ट्रकवर घालून पुण्यास आणली, आणि तिच्या निमित्तानें गेल्या दीड वर्षांत जें पाहिलें व ऐकलें त्यांतून एक प्रश्न निघाला. तो दिसावयास मोटारीचा, पण मुळांत आमच्याच शास्त्राचा आहे. म्हणून तो या मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्यास हरकत नसावी.

'डुक्कर' हें नांव आम्हीं ठेवलेलें नाहीं. पुढें आलेलें गोल नाक आणि बसकें अंग पाहून तें मुंबईकरांनीं ठेवलें, आणि तें इतकें रूढ झालें कीं आज या गाडीचे शौकीनही तिला अभिमानानें त्याच नांवानें ओळखतात. हिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूस बिजागऱ्यांवर टांगलेले असल्यामुळें उलटे उघडतात, व गिअरचा दांडा पायाशीं नसून स्टिअरिंगच्या खांबाला असतो. ज्यांचें बालपण अशा गाडींत मागच्या बाकावर चार भावंडांसह दाटीनें बसून गेलें, त्यांस अधिक सांगणें न लगे.

ही गाडी आपल्याकडे आली कशी, हें सांगण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानांत मोटारी बनत नसत, जोडल्या जात. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें कारखाना काढला, आणि परदेशांतून पेट्यांत भरून आलेले भाग एकत्र करून तेथून शेव्हरोलेट गाड्या बाहेर पडूं लागल्या. फोर्डचाही व्यवहार याच जातीचा होता. मोटार येथेंच घडली पाहिजे ही जिद्द धरून सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यांतून १९४७ पासून प्रथम अमेरिकन बनावटीच्या गाड्या निघाल्या. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार झाला आणि १९५४ पासून ११०० ही गाडी तयार होऊं लागली. ती पाहावयास वालचंद राहिले नव्हते. १९५३ सालींच ते निवर्तले. त्याच वर्षीं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनें असें ठरविलें कीं, क्रमाक्रमानें संपूर्ण मोटार येथेंच बनविण्याचा ज्यांचा कार्यक्रम असेल त्यांनींच हा धंदा करावा. नुसत्या जोडणाऱ्यांनीं गाशा गुंडाळला. शिवडीचा कारखाना १९५४ मध्यें बंद झाला.

या धोरणाचे गुणदोष अर्थशास्त्रज्ञांनीं पुष्कळ चर्चिले आहेत. त्या वादांत आम्हांस पडावयाचें नाहीं. त्याचा घरगुती परिणाम मात्र सर्वांच्या परिचयाचा आहे. मोटार घेणाऱ्यापुढें कुर्ल्याची फियाट, कलकत्त्याकडची अँबॅसडर व मद्रासची स्टँडर्ड एवढ्याच जाती उरल्या. १९५९ मध्यें नव्या मोटारींच्या विक्रीवर व वांटपावर नियंत्रणाचा हुकूम आला. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी, आणि गाडी हातीं आली कीं ती दुसऱ्याच दिवशीं घेतल्या किमतीहून अधिक भावानें विकतां यावी, असे ते दिवस होते. मोटार कारखान्याचा उंबरठा ओलांडून बाहेर पडली कीं तिची किंमत उतरते हा जगाचा नियम. आमच्याकडे तो कांहीं काळ उलटा चालला. इटलींत ११०० चें उत्पादन १९६९ मध्यें थांबलें. आपल्याकडे तीच गाडी थोडीफार वेषांतरें करून, आधीं 'प्रेसिडेंट' व मग 'पद्मिनी' हें नांव घेऊन, विसावें शतक सरेपर्यंत निघत राहिली. (प्रजासत्ताकाच्या अध्यक्षापासून चितोडच्या राणीपर्यंत हा प्रवास उलट दिशेनें कां झाला, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्यानें प्रबंधास घेण्यासारखा आहे.)

अशा स्थितींत मोटार टाकून देणें कोणास परवडणार? ती चालती ठेवणें भाग होतें, आणि परदेशी सुटे भाग तर मिळत नसत. तेव्हां जें विकत मिळेना तें घडवावें लागलें. घासलेल्या पितळी बुशी लेथवर नव्या कातल्या गेल्या. तुटलेल्या दांड्यांना टांके पडले. पत्रा कुजला तर लाकडी ठोकळ्यावर हातोडीनें ठोकून त्याच्यासारखा दुसरा उठविला गेला. मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याचीं भंगाराचीं दुकानें, पुण्याचा जुना बाजार हीं या विद्येचीं भांडारें. वालचंदांचें चरित्र गं. दे. खानोलकरांनीं लिहिलें आहे आणि तें वाचनीय आहे. परंतु वालचंदांनीं घडविलेली मोटार पुढें चाळीस वर्षें ज्यांनीं जिवंत ठेवली, त्या कारागिरांचा इतिहास आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. त्यांनीं कागद लिहिले नाहींत. त्यांचें जें कांहीं लिखित आहे तें गाड्यांच्या अंगावर आहे.

हें आमच्या ध्यानांत आणून दिलें तें मिस्त्रींनीं. हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, मुंबईस टॅक्सीच्या गॅरेजांत काम शिकलेले, आणि बोलण्यास अत्यंत कंजूष. इंजिन उघडल्यावर त्यांनीं सिलिंडरांत मापनयंत्र घालून आंकडे आम्हांस लिहून घ्यावयास लावले. या इंजिनाच्या सिलिंडराचा मूळ व्यास ६८ मिलिमीटर व दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. चार सिलिंडरांचा हिशेब केला कीं १०८९ घनसेंटिमीटर येतात, आणि गाडीच्या नांवांतले ११०० म्हणजे हीच संख्या गोळाबेरजेनें. आमच्या गाडीचा व्यास मुळाहून पाऊण मिलिमीटरानें अधिक भरला. "दोनदां तरी बोरिंग झालंय, सर," मिस्त्री म्हणाले, "आणि चौथ्यांत स्लीव्ह आहे. तो आपल्याकडच्याच लेथवर केलेला." झिजलेलें सिलिंडर किंचित् खरवडून मोठें करावयाचें व त्यांत मोठा दट्ट्या बसवावयाचा, याला बोरिंग म्हणतात, तें करण्यास जागाच उरली नाहीं म्हणजे आंत नवी नळी ठोकतात, तो स्लीव्ह. म्हणजे तें इंजिन निदान तीन वेळां मरणाच्या दारांतून परत आलें होतें, आणि प्रत्येक खेपेची नोंद त्या लोखंडांत शिल्लक होती. ताम्रपटाची अक्षरें लावतांना जो आनंद होतो तोच आम्हांस त्या दिवशीं तेलकट बोटांनीं झाला.

पुढें एकेक गोष्ट उलगडत गेली. पायाखालचा मूळ पत्रा गंजून गेला होता, त्या जागीं तेलाच्या पिंपाचा जाड पत्रा रिव्हेट मारून बसविला होता. त्याच्या खालच्या अंगास कंपनीच्या नांवाचीं दोन अक्षरें अजून लागतात. मागच्या पाट्यांपैकीं एक पान जीपचें निघालें. डाव्या मडगार्डाचा पुढला अर्धा भाग हातानें ठोकलेला होता. तो इतका बेमालूम कीं मिस्त्रींनीं आंतून हात फिरवून सांगीतोंपर्यंत आम्हांस पत्ताही लागला नव्हता.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. हें सर्व कळण्यापूर्वीं, आरंभींच्या उत्साहांत, आम्हीं उजवें मडगार्ड 'खराब' म्हणून काढविलें आणि भंगारवाल्यास किलोच्या भावानें देऊन टाकलें. त्याच्या जागीं दुसऱ्या एका गाडीचें चांगलें मडगार्ड मिळालें होतें. नंतर मिस्त्रींस विचारलें, तेंही हातचें होतें काय? ते म्हणाले, "होतं ना. डाव्यापेक्षा चांगलं." मग आधीं कां सांगितलें नाहीं? "तुम्हीं विचारलं नाहीं, सर." जन्मभर विद्यार्थ्यांस साधनांचें महत्त्व पढविणाऱ्याच्या हातून ही गोष्ट घडावी, याचा विषाद अद्यापि वाटतो.

आतां मूळ प्रश्न. जुनी मोटार दुरुस्त करावयाची म्हणजे ती कोणत्या सालास नेऊन पोंचवावयाची? शौकिनांचा सामान्य दंडक असा कीं, ती कारखान्यांतून निघाली त्या दिवशीं होती तशी करावी. इंग्लंडांत १९०५ पूर्वीच्या गाड्या दरवर्षीं लंडनहून ब्रायटनपर्यंत हांकीत नेतात. १९२७ पासून चालत आलेल्या या सोहळ्यामुळें ही हौस लोकप्रिय झाली, आणि 'मूळ स्वरूप' हा या पंथाचा जणू महामंत्र झाला. आपल्याकडे त्यास कायद्याचेंही बळ मिळालें आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. अशा गाडीस 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. त्यासाठीं वीस हजार रुपये शुल्क आहे. अट एवढीच कीं, गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, आणि तिच्या सांगाड्यांत, शरीरांत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा.

नियमाचा हेतु वाईट नाहीं. जुन्या नांवाखालीं भलतेंच इंजिन घालून फिरणारे महाभाग आहेत, त्यांस आळा बसला पाहिजे. परंतु १९५६ साली घेतलेली आणि रोज रोगी पाहावयास खेड्यापाड्यांत धांवलेली गाडी मूळ स्वरूपांत राहील कशी? ती तशी सांपडलीच तर ती कोणा संस्थानिकाच्या वा धनिकाच्या तबेल्यांत झांकून ठेवलेली असणार. जी वापरली गेली ती बदलली. जी बदलली नाहीं ती बहुधा वापरलीच गेली नाहीं. मूळपणाची कसोटी अशा रीतीनें लावली तर मध्यमवर्गाच्या मोटारींचा सारा इतिहास नापास होतो. ज्या काळांत बदल केल्यावांचून गाडी चालवितांच येत नव्हती, त्या काळाची खूण पुसून टाकली म्हणजे गाडी 'खरी' होते, असा हा न्याय आहे.

आमचे एक संग्राहक स्नेही यावर म्हणतात कीं, हा सर्व भाबडेपणा आहे. पिंपाचा पत्रा म्हणजे इतिहास नव्हे, नाइलाज होता, आणि मिस्त्रीला मूळ भाग मिळाला असता तर त्यानेंही तोच बसविला असता. शेवटचें वाक्य खरें आहे, हें आम्ही मान्य करतों. परंतु नाइलाज हा इतिहासाचा भाग नाहीं, हें आम्हांस मान्य नाहीं.

इमारतींच्या बाबतींत हा वाद पूर्वींच होऊन गेला आहे. वेरूळचें घृष्णेश्वराचें देऊळ मालोजीराजे भोसले यांनीं उद्धरिलें व पुढें होळकरांच्या घराण्यानें पुन्हां बांधिलें. आज त्यांतून होळकरी काम काढून टाकून 'मूळ' देऊळ शोधावें असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेंत तर स्पष्टच ठरलें कीं, वास्तूवर निरनिराळ्या काळांनीं घातलेली भर आदरणीय मानावी. सर्वत्र एकच शैली आणणें हें जीर्णोद्धाराचें ध्येय नव्हे. याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१२-१३ च्या सुमारास एक सनद केली, आणि योगायोगानें तिला नांव मिळालें तें फियाटच्या गांवाचें, ट्यूरिनचें. गाडीच्या वापरांतल्या आयुष्यांत झालेले बदल हे तिच्या इतिहासाचाच अंश होत, हें तत्त्व तींत मानलें आहे. आपल्या पुण्यांतही भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तेव्हां वर संपादित संहिता दिली खरी, पण गाळलेला प्रत्येक पाठ पानाच्या तळाशीं छापून ठेविला. मोटारीचा जीर्णोद्धार करणारे पाठभेद भंगारवाल्यास देतात. आम्हींही एक दिला आहे.

घाई करण्याचें आणखी एक कारण आहे. मुंबईंत टॅक्सीचें आयुष्य वीस वर्षें ठरलेलें; शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्यें नोंदली गेली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें त्या काळ्या-पिवळ्या गाड्यांचा रस्त्यावरील हक्क संपला. त्या वेळीं वृत्तपत्रांत पुष्कळ हळहळ व्यक्त झाली, तीही टॅक्सीबद्दल. मिस्त्रींचें म्हणणें निराळें आहे. टॅक्स्या होत्या तोंवर भाग घडविणारे होते. आतां लेथवाला दहा नगांखालीं काम घेत नाहीं, आणि पत्रा ठोकणारे त्यांच्या माहितीचे दोघेच उरले. मिस्त्रींचा मुलगा मोबाइल फोन दुरुस्त करतो. "तिथंही आतां सुटा भाग बदलायचाच असतो," असें ते एकदां सहज बोलून गेले.

आम्हीं व्हीए क्रमांकासाठीं अर्ज केलेला नाहीं. इंजिनांतला स्लीव्ह तसाच ठेविला आहे; नवा दट्ट्या त्याच्या मापाचा घेतला. पिंपाचा पत्रा ज्या ठिकाणीं कुजला होता तेवढाच बदलला, अक्षरें असलेला भाग राखला. जीपचें पान मात्र काढलें, कारण त्यानें गाडी एका अंगास कलत होती. तें तेल लावून, फडक्यांत गुंडाळून ठेविलें आहे. मिस्त्रींच्या तोंडून ऐकलेलें सर्व आम्ही एका वहींत उतरून घेत असतों. आरंभीं त्यांस याची गंमत वाटे; हल्लीं ते स्वतःच "हें लिहा" म्हणतात.

रंगाचें काम अडलें आहे. दरवाजाचा एक कोपरा घासला तेव्हां पांढऱ्याखालीं निळा, निळ्याखालीं करडा आणि तळाशीं फिकट हिरवा असे चार थर निघाले. हिरवा कुर्ल्याचा असावा. डॉक्टरांच्या कन्येस दूरध्वनीवर विचारलें, तर त्या म्हणाल्या, "आमची गाडी निळीच होती, दुसरी कधीं पाहिलीच नाहीं." गाडी तूर्त लाल प्रायमरवर उभी आहे, आणि मिस्त्री दर शनिवारीं विचारतात, "काय ठरलं सर, कंपनीचा रंग देऊं कीं डॉक्टरांचा?"