देवळातील झेंडू आणि अंड्यातील बलक

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बेळगाव-निपाणीच्या बाजारात झेंडूच्या राशी पडतात. देवळाच्या दाराला तोरण त्याचेच आणि शस्त्रांना माळही त्याचीच. हे फूल आपल्याकडे अनादिकालापासून आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्याचे माहेर मेक्सिको. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे जिंकले. त्यानंतरच्या काळात सागरी व्यापाराबरोबर अमेरिका खंडातील झेंडू, मिरची व मका ही तिन्ही या देशात रुजली. कोकणीत मिरचीची मिरसांग झाली, कन्नडात झेंडूचे चेंडू हूवु झाले, आणि संकेश्वरी मिरचीला तर गावाचेच नाव लाभले.

या तिन्ही पाहुण्यांची पुन्हा गाठ पडली ती कोंबडीच्या खाद्यात. अंडे हा आपल्या नैवेद्याचा पदार्थ नव्हे. तथापि त्याच्या रंगाचा इतिहास ऐकण्यास सोवळ्याची आडकाठी नसावी.

१९१२ साली विल्श्टेटर व एशर या रसायनशास्त्रज्ञांनी बलकातील ल्यूटीन हे पीतद्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. झेंडूच्या पाकळीतही मुख्यतः तेच असते. १९१९ मध्ये अमेरिकेत पामर व केम्प्स्टर यांनी रंगद्रव्यविरहित खाद्यावर कोंबड्या वाढविल्याचे प्रसिद्ध केले. त्या कोंबड्यांनी अंडी घातली, त्यांतून पिलेही निपजली. बलक मात्र जवळजवळ रंगहीन! कोंबडी हा रंग स्वतः निर्माण करीत नाही, आहारातून घेते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

आपल्या खेड्यांतही पावसाळ्यात हिरवळ टिपणाऱ्या कोंबडीचा बलक गर्द, तर पांढऱ्या ज्वारीवर पोसलेलीचा फिका असतो. पुढे कोंबडी पिंजऱ्यात गेली आणि हिरवळीला मुकली. ती उणीव पिवळा मका, झेंडूचा अर्क व लाल मिरचीचा अर्क यांनी भरून काढता येते. ब्याडगी मिरची तर रंगासाठीच प्रसिद्ध. शिवाय पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही! कर्नाटकात गुंडलुपेठकडे अशा अर्कासाठी झेंडूची शेते फुलतात.

यातून दोन बोध आम्हांस घ्यावेसे वाटतात. गर्द बलक ही कोंबडीच्या खाद्याची साक्ष होय; केवळ रंगावरून सत्त्व ठरवू नये. दुसरा बोध आपल्या शेतकऱ्यासंबंधी. सण सरताच भाव कोसळतो आणि कष्टाने पिकविलेली फुले रस्त्याकडेला ओतावी लागतात. उत्सवापलीकडेही त्या फुलाला मोल आहे, हे जाणून त्याच्यासाठी आपल्या भागातही बाजार उभा राहिला, तर देवाला वाहिलेल्या झेंडूमागील श्रमांचा तो उचित सन्मान ठरेल.