साथ, वर्दी आणि उंबरठा

सध्याचा मुक्काम खरड. ‘म्हणजे बदली होऊन खरडायलाच गेलास की’ हा विनोद घरातल्या प्रत्येकाने एकेकदा करून झाला आहे, तेव्हा तो तुम्ही करू नये. चंदीगडला चिकटलेलं, मोहाली जिल्ह्यातलं हे गाव. इथून कुराळी, रोपड, बलाचौर, नवांशहर करत दोनेक तास गेलं की बंगा लागतं आणि बंग्याजवळ खटकड कलां. भगतसिंगांचं मूळ गाव. सगळे त्यांचं घर बघायला जातात, मीही त्यासाठीच गेलो होतो.

पण या गावाची आणखी एक नोंद आहे. १८९७ साली पंजाबातला पहिला प्लेग सापडला तो खटकड कलांमध्ये. हरिद्वारहून परतलेल्या यात्रेकरूबरोबर तो आला असं तेव्हा मानलं गेलं. आणि मार्च २०२० मध्ये पंजाबातला कोविडचा पहिला बळी ठरले ते पठलावा गावचे एक वृद्ध गृहस्थ. पठलावासुद्धा बंग्याकडचंच. ते जर्मनीहून इटलीमार्गे आले होते आणि आल्यावर आनंदपूर साहिबच्या होला मोहल्ल्याला जाऊन आले होते. मधे १२३ वर्षं गेली, तालुका तोच. नुसता योगायोग म्हणायला मी तयार नाही. दोआबातला माणूस पहिल्यापासून फिरता. तेव्हा तो तीर्थाला आणि पलटणीत जायचा, आता इटलीला आणि कॅनडाला जातो. साथीला असाच माणूस लागतो.

दोन्ही वेळा गावं बंद करायला वर्दीतली माणसं गेली. म्हणून हा विषय मला आपल्या घरचा वाटतो. साथ येते आणि जाते, पण तिच्यामुळे घरात आलेल्या सवयींपैकी काय टिकतं आणि काय जातं? ते बरंचसं दारात कोण आलं आणि कसं आलं यावर ठरतं, असं माझं मत बनत चाललं आहे.

पुण्याची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते, पण आपण ती नेहमी २२ जून १८९७ च्या रात्रीपासून सांगतो. गणेशखिंडीचा रस्ता, बग्गी, चापेकर बंधू, रँड आणि आयर्स्ट. त्याआधीचे दहा आठवडे दोन वाक्यांत उरकतो. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग ओळखला. लोकांनी मुंबई सोडायला सुरुवात केली आणि त्यांच्याबरोबर रोग रेल्वेने निघाला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. (२०२० मध्ये कपाटातून काढला तो हाच कायदा.) पुण्यात रँडच्या समितीने १३ मार्च ते १९ मे घरझडती चालवली आणि तिच्यासाठी सैन्य लावलं. त्यात डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे गोरे सोजीर होते.

सोजिरांना काम काय होतं ते नीट पाहा. घरात शिरायचं, आजारी माणूस लपवला आहे का ते शोधायचं, सापडला तर त्याला रुग्णालयात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत न्यायचं, सामान जाळायचं, जमीन आणि भिंती धुवायच्या. प्लेगची गाठ येते काखेत किंवा जांघेत, म्हणजे तपासणी तिथलीच. ज्या घरात पाहुण्या पुरुषालाही ओटी-पडवीच्या पुढे प्रवेश नसे, तिथे बूट घातलेला परका शिपाई माजघरातून स्वयंपाकघरात आणि तिथून देवघरात. तक्रारी फक्त टिळकांच्या गोटातून आल्या असं नाही. पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या स्त्रियांच्या सुरक्षिततेबद्दल जाहीर तक्रार केली होती.

अकादमीत आम्हाला नागरी प्रशासनाला मदत हा विषय होता. कमीत कमी बळ, नेमकं उद्दिष्ट, लेखी हुकूम वगैरे. त्या फूटपट्टीने पाहिलं तर पुण्याची मोहीम मुळातच आंधळी होती. प्लेगचा जंतू यर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो हे सिमोंने दाखवलं ते १८९८ मध्ये, कराचीत. म्हणजे झडतीची तुकडी माणसं मोजत होती आणि शत्रू वाशावरून शेजारच्या घरात पळत होता. शत्रूची खबर नसताना केलेल्या कारवाईत नुकसान फक्त आपल्याच बाजूचं होतं.

याच पुण्यात, याच मार्च महिन्यात दुसरी एक वर्दीही होती, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. सावित्रीबाई फुल्यांचा दत्तक मुलगा यशवंत लष्करात डॉक्टर होता. आईने बोलावलं म्हणून तो आला आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्याने प्लेगचा दवाखाना उघडला. सावित्रीबाई आजाऱ्यांना तिथे घेऊन येत. मुंढव्याहून एका मुलाला त्यांनी पाठीवर आणलं, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यानंतर तीन दिवसांनी झडत्या सुरू झाल्या. पुढे यशवंतही प्लेगनेच गेला, १९०५ मध्ये.

पंजाबात सुरुवात अशीच झाली. आयएमएसचे कॅप्टन जेम्स यांच्या देखरेखीखाली दोआबातली गावं रिकामी केली, लोकांना शेतात छावण्यांत ठेवलं, भोवती पहारा बसवला. एप्रिल १८९८ मध्ये गढशंकरला दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. त्यानंतर पंजाब सरकारने सक्ती हळूहळू सैल केली. मग लसीवर भर दिला. तिथेही घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ ला मल्कोवाल गावात हाफकिनची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. बाटली दूषित झाली होती. हाफकिन पुढे निर्दोष ठरले, पण गावोगाव सुईवरचा विश्वास उडाला तो उडालाच. १९०७ या एका वर्षात पंजाबात प्लेगने ६ लाखांहून जास्त माणसं मेली.

या मेलेल्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. पुरुष दिवसभर शेतावर, बाई घरात. झाडलोट तिची, धान्याची कोठी तिच्या ताब्यात, आणि उंदीर येतो तो धान्यालाच. इथल्या जुन्या घरांत अजून मातीचे भडोले दिसतात, धान्य साठवायचे. ते दिसले की मला हे आठवतं. २०२० मध्ये ‘घरी राहा, सुरक्षित राहा’ हे आपण इतक्या वेळा ऐकलं की घर म्हणजे सुरक्षित जागा हे गृहीतच धरलं. प्लेगमध्ये उलट होतं. तेव्हा घर हेच संकट होतं.

आणि हे सरकारच्या आधी लोकांना कळलं होतं. आपल्याकडे खेड्यापाड्यांत नियम झाला: उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं. माळावर, शेतात झोपड्या घालायच्या आणि साथ सरेपर्यंत तिथेच राहायचं. माझ्या पणजीच्या पिढीत वय सांगताना ‘पहिल्या प्लेगात रांगत होते’ असं सांगायची पद्धत होती. झोपडीत माजघर नसतं, बाळंतिणीची अंधारी खोली नसते, सासऱ्याची बैठक वेगळी आणि सुनेचा कोपरा वेगळा असं काही करता येत नाही. दोन-तीन महिने सगळं घर एका छपराखाली, चूल उघड्यावर. पुढे कित्येक वर्षं साथ फिरून येत राहिली तशा या झोपड्याही. त्यासाठी कुणाला हुकूम काढावा लागला नाही.

मुंबईत मात्र सरकारने ब्रश हातात घेतला. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या खोल्यांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरं रंगवली जात. १८९१ च्या जनगणनेत मुंबईत ८ लाख २१ हजार माणसं होती, १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजार उरली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून हवेसाठी रुंद रस्ते काढले, आणि पाडलेल्या घरातली गरीब माणसं पलीकडच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली. पण त्याच ट्रस्टच्या दादर-माटुंग्याच्या जमिनीवर पुढे जी घरं उठली त्यांनी मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचं रोजचं जगणं बदललं. ब्लॉक आला. चाळीच्या टोकाचा सामाईक संडास घराच्या आत, स्वयंपाकघरापासून चार पावलांवर आला. आमच्या आज्यांच्या पिढीला हे गळी उतरायला एक प्लेग आणि जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

१९१८ च्या मानमोडीबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, आणि तेच विचित्र आहे. जूनमध्ये ती मुंबईच्या बंदरातून आली, पावसाळ्यानंतर दुसऱ्या लाटेत देशभर पसरली. मृतांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातात, प्लेगच्या सगळ्या वर्षांच्या बेरजेच्या तोडीचे. तरी तिने घरात काही बदललं नाही. चार महिन्यांत संपली, डॉक्टर महायुद्धावर गेलेले, दारात कुणी झडतीलाही आलं नाही आणि मदतीलाही फारसं नाही. मराठीत शब्द तेवढा मागे ठेवून गेली.

आता खरड. पंजाबने २३ मार्च २०२० ला, देशाच्या टाळेबंदीच्या आधीच, संचारबंदी लावली. पहिल्या दिवसांत पोलीस रस्त्यावर सापडलेल्यांना उठाबशा काढायला लावत होते, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. २ एप्रिलला सुवर्णमंदिराचे माजी हजुरी रागी, पद्मश्री भाई निर्मलसिंग खालसा गेले, तर वेरक्याच्या लोकांनी त्यांच्यासाठी स्मशान उघडू दिलं नाही. महिनाअखेरीला नांदेडच्या हुजूर साहिबला अडकलेले सुमारे चार हजार यात्रेकरू बसने परत आणले, त्यातले हजाराहून जास्त बाधित निघाले. ‘नांदेडवाले’ हा शब्द काही दिवस इथे शिवीसारखा वापरला गेला. आमच्या घरमालकीण बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा, मी महाराष्ट्राचा म्हणून, मधेच थांबून ‘तुसीं बुरा ना मनणा’ असं म्हणाल्या.

मग आली पत्रकं. रुग्ण सापडला की घराच्या फाटकावर पत्रक चिकटवलं जायचं. यू. एच. एच.चा हा धाकटा भाऊच. परिणामही तोच झाला, लोक तपासणी टाळू लागले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गावांत अफवा फिरल्या की रुग्णालयात नेतात आणि अवयव काढून घेतात. काही पंचायतींनी तपासणी पथकाला गावात येऊ द्यायचं नाही असे ठराव केले. १८९७ ला लोक असंच म्हणत होते, रुग्णालयात नेतात ते मारायलाच.

पंजाब सरकारने इथे शहाणपणा केला असं मी म्हणेन. सप्टेंबरमध्ये पत्रकं लावणं बंद केलं, आणि घरीच राहणाऱ्या रुग्णांना ‘फतेह किट’ पोहोचवायला सुरुवात केली. ऑक्सिमीटर, थर्मामीटर, औषधं. (त्या किटच्या खरेदीवरून पुढे आरोप झाले, तो विषय वेगळा.) फाटकावर कागद चिकटवणारा कर्मचारी आता डबा घेऊन येऊ लागला. गुरुद्वारांनी पंगत बंद करून लंगर घरोघर पाठवला, तेही असंच.

पुण्याहून तेव्हा नात्यातल्या ज्येष्ठांचे संदेश यायचे, पूर्वजांचं सोवळं कसं शास्त्रीय होतं बघा. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. विलगीकरण दिवस मोजतं. सुट्टीवरून परतलेला जवान असो की कर्नल, आमच्याकडे चौदा दिवस वेगळ्या बराकीत, पंधराव्या दिवशी सगळ्यांबरोबर एका पंगतीत. सोवळं जन्म मोजायचं, त्याला पंधरावा दिवस नव्हताच. या भागातल्या सोसायट्यांत टाळेबंदी उठल्यावर कामवाल्या बाया परत आल्या तेव्हा काही घरांत त्यांच्यासाठी वेगळा ग्लास ठेवला गेला. विषाणू गेला, ग्लास अजून आहे. लोकांनी आपणहून धरलेलं टिकतं, तेव्हा असंही टिकतं.

लग्नं पुन्हा पहिल्यासारखी झाली. लांडरांच्या रस्त्यावरचे मॅरेज पॅलेस मोसमात पहाटेपर्यंत वाजतात. जनरल नरवणे यांच्या ‘ऑपरेशन नमस्ते’च्या वेळी सोडलेलं हस्तांदोलन मेसमध्ये वर्षभरात परत आलं. पण आमच्या गल्लीत तीन घरांच्या फाटकाशी, आतल्या बाजूला, २०२० मध्ये बसवलेले नळ आहेत आणि शाळेतून आलेली पोरं अजून तिथेच हात धुतात, कुणी न सांगता. घरमालकीण बाईंचा किटमधला ऑक्सिमीटर देवाच्या फोटोखालच्या खणात आहे. गल्लीत कुणाला दम लागला की तो मागायला येतात. मागच्या हिवाळ्यात मीही एकदा नेला, तर आतल्या बॅटऱ्या नातवाच्या गाडीत गेलेल्या होत्या.